हुंगून सांगा!

जळगावात पाहुणा आला की आधी पाण्याचा तांब्या येतो. जिभाऊंच्या घरी आधी साबण येतो, आणि तो बशीत येतो. तुमची एक चप्पल पायात, दुसरी उंबऱ्याबाहेर, अशा अवस्थेत एक ओबडधोबड वडी तुमच्या नाकाखाली धरली जाते. जिभाऊंच्या भुवया वर जातात आणि प्रश्न येतो, "काय येतं?"

खरं उत्तर बहुतेक वेळा 'साबणाचा वास येतो' हेच असतं. पण ते देणाऱ्याला चहा अर्धाच कप मिळतो. 'कसल्या तरी फुलाचा वाटतो' म्हणणाऱ्याला पूर्ण कप. आणि जो डोळे मिटून, दोनदा हुंगून, 'केवडाच आहे, पण मागून जरा वेलची डोकावतेय का?' असं म्हणेल, त्याला शेवभाजी-भाकरीचं जेवण घातल्याशिवाय जिभाऊ सोडत नाहीत. गल्लीतल्या पोरांना हे गणित पाठ आहे. आईने संध्याकाळी दुधी भोपळा केला की ती जिभाऊंकडे जातात आणि साबणात वेलची शोधतात.

जिभाऊंचा साबण विकत मिळत नाही. किंमत विचारली तर त्यांना राग येतो आणि कुणीच विचारली नाही तर वाईट वाटतं. तो फुकट मिळतो, पण त्याच्यासोबत व्याख्यानही मिळतं, ते परत करता येत नाही.

घरी साबण करणारी माणसं आता गावोगावी झाली आहेत. पुण्या-मुंबईकडची तरुण असतात. त्यांच्या वडीला सुतळीची गाठ आणि गाठीत लव्हेंडरची काडी असते. आमच्याकडचा साबणकरी निवृत्त असतो. निवृत्त माणसाचे खानदेशात ठरलेले मार्ग आहेत. कुणी पहाटे मेहरूण तलावावर चालतो, कुणी पारायणाला बसतो, कुणी शेजाऱ्याच्या प्लॉटची हद्द पुन्हा पुन्हा मोजतो. शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस यातल्या कशातही बसत नाही. त्याच्या डोक्यात नोकरीभर न केलेले प्रयोग तुंबलेले असतात, कारण प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली हेडमास्तरांच्या ड्रॉवरमध्ये होती. पेन्शन सुरू झाली की कपाट उघडतं, आणि ते घरातल्या स्वयंपाकघरात उघडतं.

साबणच का, असं विचारलंत तर जिभाऊ अमळनेरपासून सुरुवात करतात. 1945 साली अमळनेरला 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' नावाची वनस्पती तुपाची कंपनी निघाली. तूप 'सनफ्लॉवर' नावाने खपायचं आणि तेल साफ करताना उरलेल्या गाळातून 787 नावाचा कपड्याचा साबण निघायचा. त्या लांबलचक नावाचं पुढे विप्रो झालं. कॉम्प्युटर फार नंतर आले, आधी साबण. ज्या अमळनेरकरांनी त्या काळी चार शेअर घेऊन पेटीच्या तळाशी टाकले, त्यांचं नशीब उघडलं, ही गोष्ट आमच्याकडे ओव्यांइतकी पाठ आहे.

"आमच्या वडलांनीही विप्रोत पैसे घातले होते," जिभाऊ सांगतात. ऐकणारा सावरून बसतो. "दर महिन्याला 787 च्या वड्या घ्यायचे. सगळी गुंतवणूक आमच्या आईने गिरणेच्या धोंड्यावर घासून संपवली."

तेव्हापासून साबणाकडे आपलं काहीतरी येणं बाकी आहे, अशी त्यांची भावना आहे.

साबणाचा घाणा रविवारी सकाळी गच्चीवर लागतो. मे महिन्यात लागत नाही, कारण तेव्हा जळगावच्या गच्चीवर माणूसच वितळतो. तयारी मुंजीची असावी इतकी. स्टीलचं पातेलं, डोळ्यांवर वेल्डिंगवाल्याचा चष्मा, हातात रबरी मोजे आणि सराफ बाजारातून आणलेला सोनाराचा काटा. काट्याशिवाय जिभाऊ पाऊल उचलत नाहीत. खोबरेल तेल ग्रॅममागे 0.18 ग्रॅम कॉस्टिक सोडा खातं, सरकीचं तेल 0.14 च्या आसपास. कॉस्टिक जास्त पडलं तर कातडी सोलते, कमी पडलं तर साबण तेलकट राहतो. म्हणून हिशेबाने लागेल त्याच्या पाच टक्के कमीच घालायचं, म्हणजे थोडं तेल अंगाला उरतं. पांढरे दाणे काट्यावर पडत असतात, जिभाऊ श्वास धरून आकडा बघतात आणि वहिनी जिन्यातून म्हणतात, "माझं मंगळसूत्र घेताना इतकं बारीक बघितलं असतं तर!"

मग कॉस्टिक पाण्यात. "पाण्यात कॉस्टिक, कॉस्टिकमध्ये पाणी नाही!" हे वाक्य ते दर वेळी, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणतात. गच्चीवर तेव्हा फक्त कबुतरं असतात. पाणी उकळत्या चहाइतकं तापतं, वाफ नाकात गेली की ठसका लागतो. सुरुवातीच्या काळात एकदा स्टीलचं पातेलं सापडेना म्हणून वहिनींच्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यावर पाळी आली. पातेल्याला फेस आला, आतून काळं पडलं आणि बुडबुडे सुटायला लागले. दुसरा कुणी असता तर त्याने ते उचलून ओतलं असतं. जिभाऊंनी वहिनींना हाक मारली आणि पातेलं मरत असताना समजावून सांगितलं, की हा जो वायू सुटतोय तो हायड्रोजन, आगपेटी जवळ आणू नकोस. वहिनींनी आगपेटी आणली नाही. तेव्हापासून त्या रविवारी सकाळी माहेरी फोन करायला बसतात, आणि त्या दिवशीचं फोनवरचं बोलणं गच्चीपर्यंत ऐकू येतं.

इथपर्यंतचं काम कुणीही करील. साबण होण्यात जिभाऊंना फारसा रस नाही. मळ काढणं हे साबणाचं पोटापाण्याचं काम. त्याचं आयुष्य म्हणजे रंग आणि वास, असं त्यांचं मत. आणि नेमकं तिथेच कॉस्टिक त्यांच्याशी वैर धरून बसलं आहे.

रंगांची सुरुवात हळदीपासून झाली. घरचीच हळद, चांगली पिवळीजर्द. ती मिश्रणात पडली आणि डोळ्यांदेखत विटकरी लाल झाली. जिभाऊ हर्षाने खाली धावले. वहिनींनी लाटणं न थांबवता सांगितलं, "हळदीत खार पडला की कुंकू होतं. माझ्या आजीला ठाऊक होतं, तिला पेन्शन नव्हती." महिनाभर मुरल्यावर ती लाली उतरून नारिंगी झाली, खिडकीतल्या उन्हाने नारिंगीची फिकट झाली, आणि शेवटी जी वडी हाती आली तिला रंग होता असं फक्त जिभाऊच म्हणत होते.

मग बिटाचा रस घातला; तो मातकट झाला. जास्वंद घातली, ती करड्या रंगावर गेली. गुलाबपाकळ्या घातल्या, त्या काळ्या पडून साबणात उंदराच्या लेंड्या सांडल्यासारख्या दिसू लागल्या, आणि ती वडी ज्या पाहुण्यांना मिळाली त्यांनी ती जिन्यातच ठेवली. टिकलं काय? गेरू टिकला, मुलतानी माती टिकली, कोळशाची पूड टिकली, कपड्यांची नीळ टिकली.

"फुलं टिकत नाहीत, माती टिकते," जिभाऊ एके संध्याकाळी गंभीरपणे म्हणाले.

"हे कीर्तनात झालंय," वहिनी म्हणाल्या.

एकदा मात्र नशीब फळलं. जडीबुटीच्या दुकानातून आणलेली रतनजोत त्यांनी तेलात भिजवली. तेल लालबुंद झालं आणि कॉस्टिक पडताच साबण जांभळा निघाला, अगदी राजेशाही. जिभाऊ ती वडी घेऊन गल्लीभर हिंडले. समोरचे अप्पा म्हणाले, "वा! वांग्याचा रंग साधलाय." जिभाऊंचा चेहरा पडला. "अप्पा, जळगावात राहता आणि वांगं जांभळं म्हणता? भरिताचं वांगं हिरवं असतं!" दोघांची बोलचाल दिवाळीपर्यंत बंद होती. दिवाळीत अप्पांनी तीच वडी उटण्यानंतर लावली आणि संबंध पूर्ववत झाले, कारण अप्पांनी आपण होऊन सांगितलं की वास छान आहे. त्या घाण्यात जिभाऊ वास घालायचाच विसरले होते. हे त्यांनी अप्पांना सांगितलं नाही.

वासाचं दुःख रंगापेक्षा मोठं. किलोभर तेलाला 30 ग्रॅम सुगंधी तेल, हा जिभाऊंचा हिशेब. ते शेवटी, मिश्रण दाटू लागलं की घालायचं. लिंबाचं, संत्र्याचं तेल घातलं तर घाणा सुरेख येतो आणि साबण मुरेपर्यंत वास उडून जातो. लवंगेचं तेल घातलं तर उलट. मिश्रण पातेल्यातच क्षणात थिजतं आणि उलथन्याला चिकटून बसतं. लवंगेचा तो घाणा जिभाऊंनी साच्यात ओतला नाही, ठोकून बसवला. बांधकामाचा आवाज ऐकून महापालिकेची परवानगी आहे का, असं विचारायला खालून एक जण आला होता. त्यालाही वडी मिळाली.

व्हॅनिला वेगळाच. त्याने पांढरीशुभ्र वडी दोन आठवड्यांत तपकिरी केली. त्यातल्या व्हॅनिलिनचा तो गुणच आहे. जिभाऊंनी चिठ्ठीवरचं 'व्हॅनिला' खोडलं आणि 'कॉफी' लिहिलं. नवल असं, की त्या दिवसापासून हुंगणाऱ्या प्रत्येकाला कॉफीचाच वास येऊ लागला. एका दातांच्या डॉक्टरांनी तर ही चिकमगळूरची असणार, असंही सांगितलं आणि जेवून गेले.

इथे जिभाऊंमधला मास्तर जागा झाला. पुढच्या घाण्यात त्यांनी एकच वास दोन रंगांत घातला. गवती चहाचं तेल, अर्धी वडी हिरवी, अर्धी गुलाबी. हिरवीला लोकांनी लिंबू म्हटलं, गुलाबीला गुलाब. गवती चहा कुणीही म्हटलं नाही. तो घरोघरी कुंडीत असून आणि रोज सकाळी कपात असूनही नाही. "लोकांचं नाक डोळ्याच्या ताब्यात आहे," जिभाऊंनी वहीत नोंद केली. त्याखाली वहिनींच्या अक्षरात एक ओळ आहे: "गवती चहा संपला. आणणे."

पण जिभाऊंचा खरा पराभव केळ्याने केला. जळगावात राहायचं आणि केळ्याचा साबण करायचा नाही, हे त्यांना पटेना. रावेर-यावलच्या केळीच्या जिल्ह्याचा, 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या फळाचा साबण! पिवळा रंग, लांबट साचा, आणि आइस्क्रीमवाल्यांकडे मिळणारा केळ्याचा इसेन्स. पुतणीच्या लग्नात आहेरासोबत प्रत्येकाला एकेक वडी द्यायची, असं ठरलं. घाणा लागला तेव्हा गच्चीवर वखार उघडल्याचा घमघमाट सुटला होता. साबण मुरला, कागदात गुंडाळला, वाटला गेला. व्याही माळकरी. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते साबण लावून आंघोळ करून पूजेला बसले, आणि घरातली माणसं एकेक करून देवघरात डोकावून जाऊ लागली. व्याहीबुवांच्या अंगाला गावठी दारूचा वास येत होता.

जिभाऊंनी उलगडा केला, तोही भर मांडवात. केळ्याचा वास म्हणजे आयसोअमाइल ॲसिटेट, एक एस्टर. तेलही एस्टरच. कॉस्टिकला दोन्ही सारखीच. त्याने तेलाबरोबर केळंही फोडलं. केळं फुटलं की उरतं ते आयसोअमाइल अल्कोहोल, आणि ते तर दारूच्या भट्टीतही तयार होतं. "म्हणजे रसायनशास्त्राच्या दृष्टीने व्याहीबुवा निर्दोष आहेत," असा त्यांनी समारोप केला. व्याहीबुवा आधी गप्प होते. 'निर्दोष' हा शब्द ऐकून चिडले, कारण तोपर्यंत त्यांच्यावर उघड आरोप कुणी केलेला नव्हता.

या प्रकरणानंतर दुसरा माणूस साबण सोडून मधमाश्यांकडे वळला असता. जिभाऊ रोशाकडे वळले.

रोशा हे सातपुड्याच्या पायथ्याचं, खानदेश-निमाडच्या डोंगरउतारांवरचं गवत. पावसाळा सरताना फुलोऱ्यावर येतं, तेव्हा कापून त्याचं तेल भट्टीवर काढतात. इंग्रजांच्या काळात खानदेशातून ते मुंबईला जाई, मुंबईहून बोटीने तुर्कस्तानात, आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जाई. कारण गुलाबातही जिरॅनिऑल आणि रोशातही जिरॅनिऑल. गुलाबात नाजूकपणे, रोशात भरभरून. म्हणजे सुलतानाच्या बेगमेने गुलाब म्हणून जे मनगटाला लावलं, त्यात थोडं आपलं नंदुरबार असणार, हे जिभाऊंचं लाडकं अनुमान. आणि जिरॅनिऑल हे एस्टर नव्हे. कॉस्टिकला त्यात फोडण्यासारखं काही सापडत नाही. साबणात ते टिकतं, आणि जगभरच्या साबणांत गुलाब म्हणून ते मिरवतंही.

या विषयात जिभाऊंसमोर मैसूर सँडल सोपचं नाव काढू नये. काढलं तर पुढची गाडी चुकते. पहिल्या महायुद्धात चंदन युरोपला जाईना, म्हैसूर संस्थानात लाकडाचे ढीग लागले, तेव्हा तेलाचा आणि मग साबणाचा सरकारी कारखाना निघाला. दिवाण होते विश्वेश्वरय्या. "आणि हेच विश्वेश्वरय्या 1884 साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले, तेव्हा सुरुवातीलाच आपल्या धुळ्याकडे होते! पांझरेतून पाणी पलीकडे न्यायला नळांचा सायफन बांधत होते!" जिभाऊंचा आवाज इथे कापतो. "अख्ख्या धुळ्यात एकालाही सुचलं नाही, की या तरुणाच्या नाकाखाली जरा रोशा धरावा. धरला असता तर आज बंगळूरचे लोक 'धुळे रोशा सोप' लावून आंघोळ करत असते." ती चूक दुरुस्त करण्यासाठीच ते आल्यागेल्याच्या नाकाखाली साबण धरतात की काय, असं मला हल्ली वाटू लागलं आहे.

रोशाचा घाणा उत्तम उतरला. सरकी आणि खोबरेल, गेरूची चिमूट, त्यामुळे रंग फिका गुलाबी. महिना झाला तरी वास जागच्या जागी. जिभाऊ बशी घेऊन उंबऱ्यात उभे राहिले. पहिला पाहुणा म्हणाला, "गुलाब." दुसरा म्हणाला, "गुलाब." अप्पा म्हणाले, "गावठी गुलाब." दातांच्या डॉक्टरांनी डोळे मिटून, मान डोलवून 'पुष्करचा गुलाब' असं सांगितलं आणि ताट वाढायची वाट बघत बसले. त्या दिवशी त्यांना चहासुद्धा मिळाला नाही.

"जगातला सगळ्यात चांगला साबण जमला आणि कुणाला ओळखता येईना," जिभाऊ हताश होऊन म्हणाले. "तुर्कांना नाही ओळखता आला, ते मी समजू शकतो. पण जळगावकरांना?"

"मग गेरू कशाला घातला?" वहिनींनी विचारलं. "गुलाबी दिसल्यावर माणूस गुलाब म्हणणार नाही तर काय?"

हे बरोबर असल्यामुळे जिभाऊ दुसऱ्याच दिवशी धुळ्याला निघाले. जुन्या धुळ्यात त्यांची फुई, म्हणजे आत्या, राहते. नव्वदीच्या पुढची, दोन्ही डोळ्यांना फारसं दिसत नाही, कान मात्र चौकटीबाहेर ठेवलेले. वड्यांची पिशवी मांडीवर घेऊन ते एसटीत बसले. एरंडोलला मागच्या सीटवरची बाई पुढे येऊन बसली. पारोळ्याला कंडक्टरने विचारलं, "भाऊ, कुणाकडे लगीन?" जिभाऊंनी त्यालाही वडी हुंगायला दिली. तो म्हणाला, "गुलाब," आणि शिट्टी वाजवली.

फुई ओट्यावर पाय पसरून बसली होती. जिभाऊ पाया पडले आणि काही न बोलता वडी तिच्या नाकाशी नेली. रंग तिला दिसण्याचा प्रश्नच नव्हता. तिने एकदाच श्वास घेतला.

"माय वं!" फुई म्हणाली. "हाऊ ते मना गुडघाना तेलना वास शे!"

तिच्या लहानपणी सांधे धरले की रोशाचं तेल चोळत. डोळ्याने फसवलेली सगळी नाकं एका बाजूला आणि हे एक नाक दुसऱ्या बाजूला. जिभाऊंनी तिथूनच जळगावला फोन लावला. "ओळखला! रोशा ओळखला! एका दमात!" असं ते ओरडत होते, आणि पलीकडून वहिनी, कोण गेलं, कधी गेलं, असं विचारत होत्या. इकडे फुईने वडी पाण्यात बुडवली, लुगडं गुडघ्यापर्यंत घेतलं आणि चोळायला सुरुवात केली. शेजारच्या दोन म्हाताऱ्या फेस कसला, ते बघायला आल्या. त्याही बसल्या. जिभाऊ त्यांना जिरॅनिऑल सांगत होते, त्या एकमेकींना गुडघे सांगत होत्या.

आता धुळ्याहून जळगावला येणाऱ्या प्रत्येक माणसाबरोबर निरोप असतो: गुडघ्याचा साबण द्या. पैसेही पाठवलेले असतात. हुंगत कुणी नाही; वडी हातात पडली की पिशवीत जाते. आयुष्यात पहिल्यांदा जिभाऊंच्या साबणाला गिऱ्हाईक आहे आणि पहिल्यांदाच त्यांना विचारायला कुणी नाही की काय येतं. साबणाने सांधे बरे होत नाहीत, तो दोन मिनिटांत धुऊन जातो, तेल वेगळं आणि साबण वेगळा, हे त्यांनी फोनवर सविस्तर सांगून पाहिलं. शेवटी नव्या घाण्याच्या प्रत्येक कागदावर त्यांनी लाल शाईने, शाळेच्या फळ्यावरच्या अक्षरात लिहिलं: 'फक्त आंघोळीसाठी.'

फुईला तो कागद नातसुनेने वाचून दाखवला. उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं.

"आंघोयना साबन दुकानमा भेटस. तू माले गुडघाना धाड."